यूकेची बर्फातली सर्व्हिस: "दोन इंचात देश बंद" म्हणणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

काउन्सिल टॅक्स, इन्कम टॅक्स आणि ते महागडं ट्रेनचं तिकीट, ह्या सगळ्यातून आपल्याला हिवाळ्यात एक सेवा मिळते जिचा रिव्ह्यू कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय. बर्फ पडायच्या आधी वॉर्निंग देणं, रस्त्यावर मीठ टाकणं, शाळा ट्रेन एअरपोर्ट चालू ठेवणं किंवा बंद करणं, हे सगळं मिळून एक सेवा धरा. दरवेळी स्नो पडला की आपल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच सुरू होतं, दोन इंचात देश बंद पडला, कॅनडात बघा, स्वीडनमध्ये बघा, आणि नुकताच पुण्याहून आलेला कोणीतरी विचारतो की ताई खरंच एवढं घाबरण्यासारखं असतं का हे लोक उगाच बाऊ करतात. मी लंडनच्या दक्षिणेला बरीच वर्षं राहते, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, फिजिओथेरपिस्ट आहे, बर्फ वितळून गेल्यावर जे पेशंट येतात ते माझ्याकडे येतात. माझं मत असं की बंद करतात त्यात बाऊ अजिबात नाहीये, तो निर्णय बहुतेक वेळा बरोबर असतो, खोट दुसऱ्याच ठिकाणी आहे आणि तिच्याबद्दल ग्रुपवर चकार शब्द निघत नाही. एकूण ५ पैकी ३ स्टार. हे तीन कशाचे आणि दोन का कापले ते सांगते.

आधी किती वेळा पडतो ते बघा. मेट ऑफिसची, म्हणजे इथल्या हवामान खात्याची, १९८१ ते २०१० ची सरासरी घेतली तर देशात वर्षाला साधारण १६ दिवस जमिनीवर बर्फ असतो, आणि ह्यात स्कॉटलंडचे डोंगर धरलेले आहेत, आपण जिथे राहतो त्या दक्षिण इंग्लंडमध्ये कित्येक हिवाळे नुसते दोन चार दिवसांत उरकतात, काही तर कोरडेच जातात. जपानमधल्या सप्पोरोत जवळजवळ वीस लाख लोक राहतात आणि वर्षाला पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो, तिथे बर्फ उचलायची यंत्रं, तो नेऊन टाकायच्या जागा, त्याचं बजेट हे सगळं दर वर्षी लागणार हे पक्कं माहीत असतं म्हणून तो खर्च वसूल होतो. आपल्याकडे वर्षातून एकदा वऱ्हाड येणार म्हणून कोणी घरात पाचशे ताटं विकत घेऊन ठेवतं का, आपण भाड्यानं आणतो आणि काम भागवतो. इथले काउन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्था, तेच करतात, बऱ्याच काउंटींमध्ये शेतकऱ्यांशी आधीच करार केलेला असतो, मोठा बर्फ पडला की त्यांच्या ट्रॅक्टरला पुढे नांगर लावून ते गावाकडचे रस्ते मोकळे करतात, नाहीतर तो ट्रॅक्टर वर्षभर शेतातच असतो. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते.

आणि हा हिशोब सरकारनं उघडपणे करून झालेला आहे हे फार लोकांना माहीत नसतं. २००९-१० चा हिवाळा कडक गेला, मीठ संपत आलं, काउन्सिलांना सांगावं लागलं की जपून वापरा. त्यानंतर डेव्हिड क्वार्म्बी ह्यांच्या समितीनं २०१० मध्ये रिपोर्ट दिला, त्यात काउन्सिलांनी हिवाळा सुरू होताना १२ दिवस जोरात वापरलं तरी पुरेल, म्हणजे मीठ टाकायच्या ४८ फेऱ्यांना पुरेल, एवढा मिठाचा साठा ठेवावा असं सांगितलं. तेवढ्यात त्याच वर्षीचा डिसेंबर आला, शंभर वर्षांतला सगळ्यात थंड डिसेंबर, परत सगळं ठप्प, परत क्वार्म्बींनाच बोलावलं की बघा आता काय करायचं. मेट ऑफिसच्या शास्त्रज्ञांनी क्वार्म्बींच्या समितीला दिलेलं उत्तर मला फार पटतं, की लागोपाठ कडक हिवाळे आले म्हणून पुढचाही तसाच येईल असं धरू नका, कुठलाही एक हिवाळा कडक निघायची शक्यता साधारण २० मध्ये १ आहे. २० मध्ये १ साठी किती पैसे बांधून ठेवायचे ह्याचं उत्तर 'थोडेच' असंच येणार ना, कारण तेच पैसे हॉस्पिटलला पण पाहिजेत, वृद्धांच्या केअरला पण पाहिजेत, आणि ते दोन्ही रोज लागतात. म्हणजे वर्षातले एक दोन दिवस बंद ठेवणं हा ठरवून घेतलेला स्वस्त मार्ग आहे, त्याला भित्रेपणा म्हणणं चुकीचं आहे.

आता सेवेतला माझा सगळ्यात आवडता भाग, मीठ टाकणारे ट्रक, ज्यांना इथे ग्रिटर म्हणतात. ४.५ स्टार. रात्री दोन तीन वाजता तुम्ही गाढ झोपेत असता तेव्हा पिवळा दिवा फिरवत हे ट्रक ठरलेल्या रस्त्यांवरून मीठ उडवत जातात, बर्फ पडायच्या आधी, कारण नंतर टाकून अर्धा फायदा गेलेला असतो. ते मीठ तपकिरी खड्यांचं असतं, खाणीतून आलेलं, चेशरमध्ये विन्सफर्डला मिठाची खाण आहे जी १८४४ पासून आहे, देशातल्या रस्त्यांवरचं बरंचसं मीठ तिथून येतं. नवीन लोकांना वाटतं मीठ टाकलं की बर्फ आपोआप गायब होतो, तसं होत नाही, मीठ पाण्यात विरघळून खारट पाणी व्हावं लागतं, ते शून्याच्या खालीही गोठत नाही, आणि ते व्हायला गाड्यांची चाकं त्याच्यावरून फिरावी लागतात. म्हणून वर्दळीचा मोठा रस्ता काळा कुळकुळीत दिसतो आणि शेजारची गल्ली मीठ टाकूनही पांढरीच राहते. उणे सात आठच्या खाली गेलं की मीठ फारसं काम करत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बर्फाच्या आधी पाऊस पडला तर टाकलेलं मीठ वाहून जातं, आता ह्यात ड्रायव्हरचा काय दोष. २१ डिसेंबर २००९ ला बेसिंगस्टोकला लोक गाड्या रस्त्यात सोडून चालत घरी गेले, हाय विकमला एका मोठ्या दुकानात गिऱ्हाईकं आणि स्टाफ मिळून रात्रभर दुकानातल्याच पलंगांवर झोपले. संध्याकाळची वेळ, ओला रस्ता, झपकन गोठलेलं पाणी आणि सगळे एकाच वेळी बाहेर. त्या गर्दीत ग्रिटरच अडकला तर तो काय करणार.

स्कॉटलंडमध्ये ह्या ट्रकना नावं दिलीत, ग्रिट्नी स्पीअर्स, सर अँडी फ्लरी वगैरे, आणि कुठला ट्रक आत्ता कुठल्या रस्त्यावर आहे ते नकाशावर लाइव्ह दिसतं. माझी मुलगी तासन् तास तो नकाशा बघते. मला ह्यात मुलांच्या मजेपलीकडचा फायदा दिसतो, लोकांना कळतं की रात्री आपल्यासाठी कोणीतरी काम करतंय, मग फोन करून शिव्या देणं कमी होतं.

वॉर्निंगला पूर्ण ५ देते. यलो, अंबर, रेड. आपल्याकडे हवामान खात्याचे रंग बघितलेले असतात म्हणून लोकांना वाटतं रंग म्हणजे किती सेंटीमीटर पडणार, तर तसं नाहीये, इथे दोन गोष्टी एकत्र बघतात, होण्याची शक्यता किती आणि झालं तर लोकांचं काय होईल. त्यामुळे केंटमध्ये सकाळी साडेसातला पडणारे पाच सेंटीमीटर आणि स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये रविवारी रात्री पडणारे पाच सेंटीमीटर ह्यांना एकच रंग मिळेल असं नाही. "अरे एवढ्याशा बर्फाला अंबर?" असं जे विचारतात त्यांनी हे समजून घेतलं तर निम्मे वाद मिटतील. २८ फेब्रुवारी २०१८ ला, तो 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट', म्हणजे पूर्वेकडून आलेली थंडीची लाट, आला तेव्हा, मध्य स्कॉटलंडला रेड दिला, सांगितलं प्रवास करूच नका, तरी ग्लासगोजवळ एम-८० मोटरवेवर शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या. दुसऱ्याच दिवशी एम्मा वादळामुळे साउथ वेस्ट इंग्लंड आणि साउथ वेल्सला पण रेड. तेव्हा ज्यांनी ऐकलं ते घरात होते, ज्यांना ऐकता आलं नाही, कामावरून सुट्टी मिळाली नाही, ते रस्त्यात. वॉर्निंग देणाऱ्यानं त्याचं काम केलं, मालकांनी केलं नाही.

आता कॅनडावाल्यांकडे वळते. माझ्या टीममध्ये टोरंटोहून आलेली एक मुलगी आहे, अतिशय चांगली, पण दर हिवाळ्यात ती म्हणणार की आमच्याकडे हे असं कधी होत नाही. जानेवारी १९९९ मध्ये टोरंटोला एका महिन्यात साधारण ११८ सेंटीमीटर पडला आणि महापौर मेल लास्टमन ह्यांनी सैन्य बोलावलं होतं! बर्फाची सवय असलेलं शहर, हाताशी सगळी यंत्रणा, तरी नेहमीपेक्षा जास्त पडला की हात टेकले. स्टॉकहोमला ९ नोव्हेंबर २०१६ ला एका दिवसात ३९ सेंटीमीटर पडला, नोव्हेंबर महिन्यासाठी शंभरेक वर्षांतला विक्रम, बस बंद ठेवाव्या लागल्या. टोकियोत २२ जानेवारी २०१८ ला २३ सेंटीमीटर पडला, ऑफिसांनी लोकांना लवकर सोडलं, ते सगळे एकदम स्टेशनवर आले आणि शिबुयासारख्या स्टेशनांवर पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि हे जगातली सगळ्यात वक्तशीर रेल्वे असलेल्या शहरात. प्रत्येक गाव त्याच्या नेहमीच्या हवामानाला तयार असतं. नेहमीच्या पलीकडे गेलं की सगळे सारखे.

शिवाय इथला बर्फ पण वेगळा आहे. मी हे आधी हसण्यावारी नेलं असतं पण खरं आहे. कॅनडाच्या आतल्या भागात उणे दहा पंधराला पडणारा बर्फ कोरडा असतो, पायाखाली करकर वाजतो, झाडून बाजूला करता येतो, आणि महिनोन् महिने तसाच राहतो. इथे तापमान शून्याच्या आगेमागे घुटमळत असतं, बर्फ ओला पडतो, दुपारी वितळतो, रात्री त्याच पाण्याची काच होते, सकाळी तुम्हाला रस्ता नुसता ओला दिसतो आणि पाय टाकला की गेलात. हेच ते ब्लॅक आइस. गाड्यांचे टायर पण उन्हाळी, साध्या टायरचं रबर सात डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड जाते. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाची घसरण असेल तर विंटर टायर लागतातच, कायदाच आहे, यूकेत तसा कायदा नाही. आता वर्षातल्या चार दिवसांसाठी प्रत्येक घराला टायरचा दुसरा सेट घ्यायला लावणं मला पटत नाही, पण मग त्या चार दिवसांत गाडी घरी ठेवायची हे तरी मान्य करायला हवं. दोन्हीला नाही म्हणून कसं चालेल.

आणि बंद करायचं तर वेळेवर करा, हा माझा मुख्य मुद्दा आहे. अर्धवट चालू ठेवलं तर जास्त हाल होतात. २ मार्च २०१८ ला दक्षिण लंडनमधल्या लुइशमजवळ ट्रेन अडकल्या. आमच्या दक्षिणेकडच्या बहुतेक ट्रेनना वीज वरच्या तारेतून मिळत नाही, रुळांच्या बाजूला जमिनीलगत तिसरा रूळ असतो, त्यातून ७५० व्होल्ट येतात. त्या रुळावर बर्फाचा पापुद्रा धरला की वीज गाडीत येतच नाही, गाडी थोडी पुढे जाते, थांबते, परत थोडी जाते. भरलेल्या गाड्या, तासन् तास तशाच उभ्या, टॉयलेटची सोय नाही, शेवटी लोक दार उघडून रुळांवर उतरले, मग जिवाच्या भीतीनं वीज बंद करावी लागली आणि मागच्या आणखी गाड्या अडकल्या. रात्री रिकाम्या गाड्या फिरवून तो रूळ मोकळा ठेवतात, त्याच्यावर बर्फ न धरणारं द्रावण मारतात, काही ठिकाणी रूळ गरम करायची सोय पण केलीये, म्हणजे प्रयत्न चालू आहेत. पण त्या संध्याकाळी थोड्याच गाड्या सोडल्या असत्या आणि लोकांना दुपारीच "आज निघूच नका" सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? ट्रेनला अडीच स्टार.

अमेरिकेतल्या अटलांटाचं उदाहरण ह्याहून स्पष्ट आहे. २८ जानेवारी २०१४, जेमतेम दोन अडीच इंच बर्फ. सकाळी शाळा ऑफिसं सुरू ठेवली, दुपारी बर्फ पडायला लागल्यावर सगळं एकदम सोडलं, सगळं शहर एकाच तासात रस्त्यावर, मीठ टाकायचे ट्रक त्याच गर्दीत, मुलं शाळेत आणि स्कूलबसमध्ये रात्रभर राहिली. आदल्या रात्री सुट्टी जाहीर केली असती तर लोक म्हणाले असते काय हा अतिरेक, आणि मुलं आपापल्या घरी झोपली असती. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर झाला तेव्हा लोक दुपारी ऑफिसातून निघाले आणि रात्रभर कमरेएवढ्या पाण्यातून चालले. माझा मामा अंधेरीहून डोंबिवलीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. आज मुंबईत रेड अलर्ट आला की शाळांना सुट्टी देतात आणि पाऊस हुकला तर लोक नावं ठेवतात, पण मला विचाराल तर हुकलेल्या सुट्टीची किंमत काहीच नाही त्या रात्रीपुढे.

२ फेब्रुवारी २००९ चं लंडन लोकांच्या अजून तोंडी आहे. दक्षिण पूर्व इंग्लंडमध्ये १८ वर्षांतला सगळ्यात जास्त बर्फ, सकाळी लंडनमध्ये एकही बस नाही. पेपरवाल्यांनी लिहिलं की युद्धात बॉम्ब पडत होते तेव्हाही बस चालू होत्या. भावना म्हणून ठीक, पण बॉम्ब पडल्यावर बाकीचे रस्ते निसरडे होत नाहीत, बर्फात डबलडेकर उतारावरून घसरली तर खाली उभ्या माणसांचं काय. खरी अडचण अशी की लंडनचे मोठे रस्ते टीएफएलकडे, म्हणजे शहराच्या वाहतूक संस्थेकडे, आणि बाकीचे ३३ वेगवेगळ्या काउन्सिलांकडे, बस डेपो बऱ्याचदा आतल्या रस्त्यावर, तो रस्ता मोकळा नसेल तर पुढचा मोठा रस्ता कितीही चकाचक असून उपयोग काय. बस बंद केल्याबद्दल मी एकही स्टार कापणार नाही, ह्या तेहतीस तुकड्यांबद्दल मात्र अर्धा कापते.

एअरपोर्टबद्दल थोडक्यात. १८ डिसेंबर २०१० ला हीथ्रो बंद पडलं, ख्रिसमसच्या आधीचा शनिवार, हजारो लोक टर्मिनलच्या फरशीवर झोपले आणि पुढचे कित्येक दिवस फ्लाइट रद्द होत राहिल्या. ह्याची बाजू मी घेणार नाही. जगातल्या सगळ्यात बिझी एअरपोर्टपैकी एक, दोनच रनवे, दोन्ही कायम भरलेले, तिथे एक दिवस थांबला की आठवडा विस्कटतो, म्हणून तिथे जास्तीची तयारी ठेवणं परवडतं आणि ठेवलीच पाहिजे. नंतर ह्या गोंधळावर डेव्हिड बेग ह्यांचा रिपोर्ट आला, मालक कंपनीनं ५ कोटी पौंड तयारीवर घालायचं जाहीर केलं. म्हणजे बघा, सगळीकडे एकच नियम लावता येत नाही, जिथे थांबण्याची किंमत प्रचंड तिथे पैसे घाला, गल्लीतली प्राथमिक शाळा एक दिवस बंद राहिली तर तेवढं नुकसान नाही.

शाळांवरून आईबाप फार चिडतात, मी पण आई आहे, सकाळी साडेसहाला मेसेज येतो आणि दिवसाचं सगळं कोलमडतं, मान्य. पण हेडटीचर रस्त्यावरचा बर्फ एवढंच बघत नसतात. शिक्षक वीस वीस मैलांवरून येतात, इथल्या घरभाड्यात शाळेजवळ राहणं त्यांना परवडत नाही, ते पोचले नाहीत तर लहान मुलांच्या वर्गाला पुरेशी मोठी माणसं नाहीत. बॉयलर बंद पडतो. मैदान गोठलेलं. चार स्टार, आणि एक कापला तो मेसेज आदल्या रात्री न येता सकाळी येतो म्हणून.

आणि जबाबदारी घेणारे इथे आहेत हेही सांगायला पाहिजे. ६ डिसेंबर २०१० ला स्कॉटलंडमध्ये एम-८ वर लोक रात्रभर गाडीत अडकले, त्याच आठवड्यात तिथले ट्रान्सपोर्ट मंत्री स्ट्युअर्ट स्टीव्हन्सन ह्यांनी राजीनामा दिला. बर्फासाठी मंत्र्याचा राजीनामा. कोणाला हा पण अतिरेक वाटेल, मला नाही वाटत.

आता ते दोन स्टार. फूटपाथ.

ग्रिटर फिरतात ते ठरलेल्या मोठ्या रस्त्यांवर, बस रूट, हॉस्पिटलचा रस्ता, फायर स्टेशनचा रस्ता. बरोबरच आहे. पण चालणाऱ्या माणसासाठी जवळजवळ काहीच नाही. टाउन सेंटरचा फूटपाथ, स्टेशनसमोरचा तुकडा, एवढं करतात, बाकी घरांसमोरचे मैल न् मैल फूटपाथ देवाच्या भरवशावर. हायवेज अॅक्टमध्ये २००३ पासून काउन्सिलवर बंधन आहे की बर्फामुळे रस्त्यावरून जाणं धोक्याचं होऊ नये ह्याची शक्य तितकी काळजी घ्यावी, पण ह्या 'शक्य तितकी' मध्ये फूटपाथ शेवटी येतो आणि तोवर बर्फ वितळलेला असतो. आमच्या भागात गेल्या वेळी मोठा रस्ता पहिल्याच सकाळी मोकळा होता, गाड्या चाळीसनं जात होत्या, आणि त्याला लागून असलेल्या फूटपाथवर चार दिवस काच होती, लोक नाइलाजानं मुलांची बाबागाडी घेऊन त्या मोकळ्या रस्त्यावरून गाड्यांच्या मधून चालत होते. काउन्सिलला कळवलं तर उत्तर आलं की हा भाग प्राधान्याच्या यादीत नाही.

पहिल्या दिवशी फारसं कोणी पडत नाही, ताजा बर्फ मऊ असतो, पाय रुततो. पडतात दुसऱ्या तिसऱ्या दिवशी, वितळून परत गोठल्यावर, घरापासून दोनशे मीटरवर, दूध आणायला, औषध आणायला, कुत्र्याला फिरवायला निघालेले. माणूस पडताना हात पुढे टाकतो, सगळं वजन तळव्यावर येतं, मनगटाजवळचं हाड मोडतं, साठीच्या बायकांचं तर पटकन मोडतं कारण हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात. प्लास्टर पाच सहा आठवडे. त्यानंतर माझ्याकडे येतात तेव्हा बोटं सुजलेली, मनगट वळत नाही, दाराची किल्ली फिरवता येत नाही, कुकरचं झाकण लावता येत नाही, केस बांधता येत नाहीत. हात सुधारतो, दोन तीन महिने लागतात पण सुधारतो. भीती जात नाही. मार्च एप्रिलमध्ये लख्ख ऊन पडलेलं असतं तरी बाई मला सांगतात की मी आता एकटी बाहेर जात नाही. कंबरेचं हाड मोडलं असेल तर मग बोलायलाच नको, काही जण परत आपल्या घरी राहू शकत नाहीत. इकडे बातम्यांमध्ये मात्र त्या बर्फानं देशाचं किती कोटींचं नुकसान झालं ते सांगतात, ट्रेन किती रद्द झाल्या ते सांगतात, ही मनगटं त्या हिशोबात मला कधी दिसली नाहीत.

हे मी एकटी म्हणत नाही. माद्रिदला जानेवारी २०२१ मध्ये फिलोमेना वादळानं पन्नास सेंटीमीटर बर्फ टाकला, सैन्य उतरवलं, मोठे रस्ते उघडले, आणि मग थंडीची लाट येऊन उरलेला बर्फ गोठला, हॉस्पिटलांमध्ये हाडं मोडलेल्यांची रांग लागली, तीही कोविडच्या ऐन गर्दीत. स्वीडनमध्ये कार्लस्कोगा नावाच्या छोट्या शहरानं ह्याचा विचार करून क्रमच उलटा केला, आधी फूटपाथ, सायकलचे रस्ते आणि पाळणाघरांकडे जाणारे रस्ते साफ करायचे, मग गाड्यांचे. कारण साधं आहे, निसरड्यात गाडीवाल्यांपेक्षा चालणारे कितीतरी जास्त जखमी होतात, आणि चालणाऱ्यांत बायका जास्त. दहा सेंटीमीटर बर्फातून गाडी जाते, बाबागाडी किंवा व्हीलचेअर जात नाही. हे करायला सप्पोरोसारखं बजेट लागत नाही, तेच मीठ, तीच माणसं, फक्त शाळा, दवाखाना, केमिस्ट आणि वृद्धांच्या वस्तीजवळच्या फूटपाथवर छोटं यंत्र किंवा ढकलगाडी आधी फिरवायची. फूटपाथला मी ५ पैकी १ देते, आणि तो एक सुद्धा त्या पिवळ्या पेट्यांसाठी.

त्या पेट्यांबद्दल नवीन आलेल्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. चढावर, वळणावर, गल्लीच्या तोंडाला पिवळी प्लॅस्टिकची पेटी दिसते तिच्यात मीठ असतं आणि ते तुम्ही आम्ही वापरायचंच आहे, सार्वजनिक रस्ता आणि फूटपाथसाठी, आपल्या ड्राइव्हवेवर टाकायला न्यायचं नाही. पेटी रिकामी असेल तर काउन्सिलला कळवा, शक्यतो नोव्हेंबरमध्येच, बर्फ पडल्या दिवशी कोणी भरून देत नाही. घरासमोरचा फूटपाथ साफ केला आणि तिथे कोणी पडलं तर आपल्यावर केस होते अशी एक अफवा आपल्या लोकांत फार पक्की बसलीये, म्हणून लोक फावडं हातातच घेत नाहीत. सरकारचा स्नो कोड आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की नीट काळजी घेऊन साफ केलं तर केस व्हायची शक्यता फार कमी आहे. सकाळी लवकर करा, बर्फ पायांनी दाबला जायच्या आत. गरम पाणी अजिबात ओतू नका, त्याचीच काच होते. पुरेसं मीठ नसेल तर राख किंवा वाळू, वितळत नाही पण पकड येते. आणि शेजारी एकटी म्हातारी माणसं असतील तर स्वतःचं झाल्यावर त्यांच्या दारापासून फाटकापर्यंतची वाट करा, अर्धा तास लागतो, आणि दूध ब्रेड आणायला त्यांना बाहेर पडू देऊ नका, तुमच्याबरोबर त्यांचंही आणा.

नोव्हेंबर २०२१ ला अर्वेन वादळात यॉर्कशरमधल्या टॅन हिल इन नावाच्या पबमध्ये ६१ लोक तीन रात्री अडकले होते, देशातला सगळ्यात उंचावरचा पब आहे तो, सगळे मजेत राहिले, गाणी म्हटली, सुखरूप घरी गेले. कोणी बर्फात गाडी हाकायचा हट्ट केला नाही म्हणून. बर्फ कापत पुढे जायचं कौतुक कॅनडाला असू दे, तिथे त्यांना ते रोज लागतं.

मीठ आणि ग्रिटर ४.५, वॉर्निंग ५, शाळा ४, लंडनच्या बस ४.५, ट्रेन २.५, फूटपाथ १. ह्याची सरासरी तीनाच्या वर जाते हे मला माहितीये, तरी मी तीनच देतेय, कारण फूटपाथचं वजन मी बाकीच्यांपेक्षा जास्त धरते. काउन्सिल दर वर्षी शरद ऋतूत आपली हिवाळ्याची योजना वेबसाइटवर टाकते, कुठले रस्ते, कुठले फूटपाथ, कुठे पेट्या. पोस्टकोड टाकून बघा. तुमच्या जवळची शाळा किंवा दवाखाना फूटपाथच्या यादीत नसेल तर तुमच्या वॉर्डच्या काउन्सिलरला आत्ताच ईमेल करा, सप्टेंबरच्या आधी.